झिजलेले आकडे

९ जानेवारी २०२५

दुपारी मांजरीहून एका मुलीचा फोन आला. पूर्णिमा बहिरट. ओळख नव्हती. खराडीला नोकरी करते आणि जाता-येता मोबाइलवर माझी भाषणं ऐकते. म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्टेजवर बोलता तसं प्रत्यक्षात करताही का?" प्रश्न मला आवडला. सभेत असं कोणी विचारत नाही. सभेत टाळ्या वाजवतात आणि चहाकडे वळतात.

हकिगत अशी. तिच्या सासरच्या अंगणात गुप्तधन आहे अशी गावात पिढ्यांपासूनची समजूत. पुणं लुटलं गेलं त्या धामधुमीत भिवराव निंबगावकर नावाच्या कुणा सरदाराने पाच उंटांवरचा ऐवज मांजरीत पुरला आणि जागा तीन दगडांवर सांकेतिक आकड्यांत कोरून ठेवली, ही दंतकथा. आता सासूबाईंनी एक महाराज आणला आहे. तो म्हणतो, धन दिसायला पायाळू माणूस लागतं. पूर्णिमाची मुलगी स्पृहा नऊ वर्षांची. पोटात पायाकडून होती म्हणून ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे महाराजाच्या लेखी पायाळू. येत्या अमावास्येला तिच्या डोळ्यांत अंजन घालून तिला अंगणात उभं करायचं ठरलं आहे.

"नवरा काय म्हणतो?"

"विश्वजीत म्हणतो, अंजन म्हणजे काजळच की. करून टाकू, आईचं समाधान होईल."

समाधान! गुप्तधनापायी या राज्यात कोवळ्या मुलांचे बळी गेले आहेत. सुरुवात अंजनाने होते आणि शेवट कुठे होतो, हे मी तीस वर्षं घसा फोडून सांगते आहे. रविवारी जाणार.

माझा नवरा, श्रीनिवास, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मांजरीला जाणारच असशील तर येताना ऊस आण."

१२ जानेवारी

महाराजाला घालवला.

मी पोचले तेव्हा तो व्हरांड्यात पाटावर बसून बिनसाखरेचा चहा घेत होता. मधुमेह आहे म्हणे. जमिनीखालचं सोनं दिसतं, स्वतःच्या रक्तातली साखर तपासायला मात्र लॅब लागते. हे मी त्याला तोंडावर सुनावलं. विश्वजीत हसला आणि मग आईकडे बघून गप्प झाला.

बहिरटांचा बंगला नवा आहे, टाइल्सचा. जुन्या घराचं फक्त जोतं उरलं आहे, त्यावर विश्वजीतची गाडी उभी असते. दोन बाजूंनी उंच इमारती आणि समोर अजून न विकलेला उसाचा तुकडा.

"कायदा माहीत आहे का तुम्हाला?" मी महाराजाला विचारलं.

"लेकराच्या डोळ्यात काजळ घालणं गुन्हा हाय व्हय?"

"घालून बघा. मी इथेच बसते."

मग मी बोलले. बोलायला लागले की मला वेळ कळत नाही, असं श्रीनिवास म्हणतो ते खरं आहे. शेजारच्या बांधकामावरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी पोलीस चौकीला फोन लावला तेव्हा महाराजाने पिशवी उचलली. जाता जाता म्हणाला, "बाई, आवाज मोठा हाय तुमचा. पर ज्याला दिसतं, त्याला आवाज लागत न्हाई." वाक्य चांगलं होतं, हे मान्य करायला हवं.

सासूबाई, म्हणजे बायडाबाई, माझ्यावर संतापल्या. "दारात आलेल्या माणसाचा असा पाणउतारा? आमच्यात करत न्हाईत."

"आणि नातीच्या डोळ्यांत वाटेल तो लगदा घालतात, ते चालतं?"

"माझी नात हाय ती. मला न्हाई व्हय तिची काळजी? पायाळू हाय म्हणून मीच तर सांगितलं त्यांना. कौतुकानं."

स्पृहा सगळा वेळ झोपाळ्यावर बसून बघत होती. निघताना माझ्याजवळ आली. "आजी, तुम्ही फुल लाउड आहात. टीव्हीवर या ना." मग हळूच, "पायाळू म्हणजे सुपरपॉवर असते का?"

"नाही. पोटात उलटं बसलेलं मूल. एवढंच."

"ओह." जरा निराश झालेली दिसली.

जोत्याच्या पायरीचा दगड जाताना पाहिला. आकडे खरोखरच आहेत, जुन्या वळणाचे, तीन-तीनच्या गटांत. मनात एक शब्द आला आणि मी तो दाबला.

ऊस विसरले.

१४ जानेवारी

तो शब्द अंकपल्लवी.

नोंद म्हणून लिहून ठेवते. खजिन्याशी मला देणंघेणं नाही. वर्णमालेचे आठ वर्ग करायचे: पहिला स्वरांचा, मग क, च, ट, त, प, य आणि श. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा, तिसरा मात्रेचा. तीन आकडे मिळून एक अक्षर. गुप्त निरोप धाडायची ही आपली जुनी रीत. बोटांच्या खुणांची करपल्लवी, डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी, तशी ही आकड्यांची. कॉलेजात मी ती दरवर्षी शिकवत असे आणि दरवर्षी मागच्या बाकांवरची मुलं तिचा उपयोग माझ्यावर चिठ्ठ्या लिहायला करत. दगडावर कोरलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

पूर्णिमाकडून पायरीचा फोटो मागवला. बारा आकडे. सात स्पष्ट, पाच झिजलेले. झिजलेले संदर्भावरून भरले. ८३२ ५११ ८४२ ५११.

सात हात.

तिळगूळ द्यायला वरच्या मजल्यावरच्या प्रेमलाताई आल्या होत्या. त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही.

१८ जानेवारी

दुसरा दगड उसाच्या बांधावर आहे, म्हसोबा म्हणून शेंदूर फासलेला. शेंदूर खरवडल्याशिवाय आकडे दिसणार नाहीत. मी बायडाबाईंना रीतसर परवानगी विचारली. कुणाच्या श्रद्धेचा दगड विचारल्याशिवाय खरवडू नये, एवढी सभ्यता विवेकवाद्यालाही असते.

"खरवडा की," त्या म्हणाल्या. "पर आधी नारळ फोडा. त्याला राग येतो."

"मी नारळ फोडत नाही."

"मग मी खरवडू देत न्हाई."

फोडला. खोबरं हे अन्न आहे आणि नारळ फोडल्याशिवाय खाता येत नाही, अशा भूमिकेतून फोडला. बांधावर चार-पाच बायका होत्या. त्यांनाही खोबरं दिलं. त्यांनी ते कपाळाला लावून खाल्लं.

सहा आकडे. चार वाचता आले. ४ मग झीज मग ७, पुन्हा ७, झीज, १. संध्याकाळी घरी बसून भरले: ४२७ ७४१.

ठेव!

खरं लिहायचं तर कागद पुन्हा पुन्हा वाचला. सात हात. ठेव. कुणीतरी सव्वादोनशे वर्षांपूर्वी, पळताना, हे कोरलं. मी वाचते आहे. दुसरं कोणी वाचू शकलं नाही.

श्रीनिवासला दाखवलं. हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस, कशालाच नक्की म्हणत नाही. चष्मा पुसून कागद पाहिला.

"सहातले दोन तू घातलेस."

"संदर्भावरून."

"संदर्भ कोणता?"

"ठेवीचा."

त्याने पेन्सिल घेतली. "मी दुसरे दोन घालतो. ४१७ ७११. काय येतं?"

"टेय."

"टेय म्हणजे काय?"

"काहीच नाही! म्हणूनच माझं बरोबर."

"छान," तो म्हणाला. "म्हणजे अर्थ लागेपर्यंत आकडे बदलायचे. आमच्या खात्यात असं करता आलं असतं तर माझं प्रमोशन चुकलं नसतं."

तीस वर्षं माझ्या भाषणांना पहिल्या रांगेत बसलेला माणूस! ज्ञानाच्या बाजूने उभं राहायची वेळ आली की हा थट्टा करतो.

तिसरा दगड सापडत नाही. शेजारच्या इमारतीच्या पायात गेला असणार. त्यावर दिशा असावी. तर्काने ठरवली: पायरीवर उभं राहून समोर, सरळ. कोणताही समंजस माणूस असंच करेल.

२३ जानेवारी

खोदायचं ठरलं. मी आग्रह धरलेला नाही. विश्वजीतनेच विचारलं, "मॅडम, तुम्ही वाचलंय म्हटल्यावर असणारच. तुम्ही तर कशावरच विश्वास ठेवत नाही." मी त्याला माझी भूमिका समजावली. काही निघालं नाही तर दंतकथा कायमची मेली. निघालं तर तो इतिहास, आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवू. दोन्हीकडून विवेकाचाच जय आहे.

पूर्णिमा म्हणाली, "नको ना, मॅडम. कसंबसं थांबलंय सगळं." मी तिला सांगितलं की गुपित झाकून ठेवल्यानेच भोंदू माजतात. ते उघड्यावर, दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष तपासलं पाहिजे. तिला ते पटलं. निदान ती पुढे काही बोलली नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून निम्मं गाव बहिरटांच्या अंगणात. रविवार आणि सुटी एकत्र. मोबाइल वर धरलेले. विश्वजीतने गाडी काढून जोतं मोकळं केलं. "जेसीबी सांगू का?" "कुदळ पुरे."

मी दहा मिनिटं प्रास्ताविक केलं. हे शोधकार्य आहे, यात दैवी काही नाही, हे ठासून सांगितलं. मग मोजणी. सात हात मोजून घेतलेल्या फितीचं एक टोक पायरीशी मी धरलं. दुसरं धरायला मोठं कोणी पुढे येईना. एकमेकांना ढकलत होते. शेवटी स्पृहाच झोपाळ्यावरून धावत आली, टोक घेऊन सरळ चालत गेली आणि फीत ताणली तशी थांबली. तिच्या पायाशी मी चुन्याची फुली मारली.

त्या क्षणी सगळी गर्दी एकदम गप्प झाली. इतकी शांतता मला व्यासपीठावरही क्वचित मिळते. पद्धतशीर मापनाचा परिणाम.

कंबरभर खोल गेल्यावर कुदळ वाजली. फरशी. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही, आणि त्यात माझाही होता. फरशी सरकवली. खाली गोल, शेणामातीने लिंपलेली पोकळी. विश्वजीतने टॉर्च टाकला.

पेव. धान्य साठवायचं पेव, पूर्वी या भागात घरोघर असे. तळाला हातभर काळा थर. मुठीत घेतला तर ज्वारी, कुजून, काळवंडून भुगा झालेली. दुसरं काही नाही. भांडंसुद्धा नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "कोळसा झाला."

मी दुरुस्त केलं. "कोळसा नाही. ज्वारी आहे. हात लावून बघा."

कोणी लावला नाही. सगळे हळूहळू निघून गेले, माझ्या अपेक्षेपेक्षा शांतपणे. जाताना काही बायका स्पृहाच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मुलांचं कौतुक गावात अजून आहे.

माझं मन मात्र पडलं आहे. कशासाठी, ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं होतं, काहीतरी असेल.

२७ जानेवारी

श्रीनिवास सकाळी चहा ओतताना: "पेव होतं ना? मग ते आकडे धान्याचेच असतील. किती टाकलं, किती काढलं. पायरीवर बसून कोरायला सोपं."

"आणि म्हसोबाचा?"

"तोही पूर्वी कुणाच्या तरी पेवावरचा दगड असेल. नंतर बढती मिळाली."

मी म्हटलं, तुझ्या आयुष्यात गद्याखेरीज काही नाही. तो म्हणाला, गद्यातच पगार मिळायचा.

अंकपल्लवीचा कागद कपाटात ठेवला. फाडला नाही.

२ फेब्रुवारी

पूर्णिमाचा फोन. गुप्तधन योग्य माणसाच्या हाताने, योग्य विधीने काढलं नाही तर त्याचे कोळसे होतात, अशी समजूत आहे. मला ती माहीत आहे, माझ्या एका व्याख्यानात तिच्यावर चांगली पाच मिनिटं आहेत. आता मांजरीत असं बोलतात: पोरीने जागा बरोबर दाखवली. खाली धन होतंच. अंजन न घालता उघडलं म्हणून कोळसा झाला.

त्या दिवसाचा व्हिडिओ फिरतो आहे. काल शाळेच्या फाटकाशी एक बाई वाकून स्पृहाच्या पाया पडली. आज दोघांनी तिच्या पायांचे फोटो काढले.

"मॅडम, तुम्ही काहीतरी करा."

मी चारशे शब्दांचं निवेदन लिहून सगळीकडे पाठवलं. प्रत्येक मुद्दा खोडून काढला आहे.

४ फेब्रुवारी

निवेदनाखाली पहिलीच प्रतिक्रिया: "बाईंनी स्वतः म्हसोबाला नारळ फोडलेला आमच्या डोळ्यांनी बघितलाय."

६ फेब्रुवारी

काल बहिरटांकडे मोठ्या गाडीतून दोन माणसं आली. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं अगदी मऊ. सोलापूर रस्त्याला त्यांची जमीन आहे म्हणे. विश्वजीतला म्हणाले, पोरीला एका दिवसासाठी पाठवा. आईसोबत पाठवा हवं तर. फक्त शेतातून चालायचं. संध्याकाळी आणून सोडू. वर तुम्ही सांगाल तेवढं देऊ.

विश्वजीतने त्यांना हाकललं. मग तो संडासात जाऊन ओकला, असं पूर्णिमाने सांगितलं. चौकीत नोंद केली आहे. साहेब सज्जन होते, पण म्हणाले, त्यांनी विचारलंच फक्त, नेलं तर नाही.

शाळेने सुचवलं, काही दिवस मुलीला घरीच ठेवा.

९ फेब्रुवारी

मांजरीला गेले. स्पृहाचा झोपाळा काढून ठेवला आहे, कारण अंगणात बसली की रस्त्यावरून लोक बघतात. ती घरातही बूट-मोजे घालून होती. मला म्हणाली, "आजी, मी कुणाला काहीच नाही दाखवलं. मी फक्त टेप धरली होती."

"मला माहीत आहे, बाळ."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगते आहे."

"लाउड सांगा."

पूर्णिमाने तिला आत पाठवलं आणि दार लावलं. बायडाबाई, विश्वजीत, ती आणि मी.

"एकोणीसला तुमचं इथं व्याख्यान आहे," ती म्हणाली. "शिवजयंतीचं. सगळं गाव असणार. तुम्ही एकच सांगा. स्पृहा पायाळू नाही."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"नाही म्हणून सांगा. डोक्याकडून झाली. ऑपरेशन दुसऱ्याच कारणासाठी होतं. हॉस्पिटलचे कागद तुम्ही पाहिलेत, असंही सांगा."

"पण ते खोटं आहे."

"हो."

मी समजावलं. शांतपणे, मला जमेल तितकं. पायाळूला काही दिसत नाही, हे सत्य आहे. ही मुलगी पायाळू नाही असं म्हटलं की त्याचा अर्थ, जी असेल तिला दिसतं. तीस वर्षं ज्या झाडाच्या मुळावर घाव घातला, त्याला मी माझ्या हाताने पाणी घालू? उद्या ते लोक दुसऱ्या मुलीच्या दारात जातील. तिचं काय?

"ती माझी नाही," पूर्णिमा म्हणाली.

असं सरळ उत्तर मला कुठल्याही परिसंवादात मिळालेलं नाही.

बायडाबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बाई, माझ्या तोंडानं मी पायाळू म्हणाले. त्या महाराजाला तुम्ही घालवलात, ते बरंच केलंत, मला तवा कळलं न्हाई. त्याचं कुणी धड ऐकत नव्हतं. निम्मं गाव हसायचं त्याला." मग माझ्याकडे बघत, "तुम्ही मोजायला लागलात, तवा कुणी हसलं न्हाई."

मी नकार देऊन परत आले. रिक्षात हडपसरपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. सगळी बिनतोड होती.

१२ फेब्रुवारी

तो व्हिडिओ आज पहिल्यांदा पूर्ण पाहिला. आत्तापर्यंत पाहिला नव्हता, कारण मी तिथे होते आणि काय घडलं ते मला माहीत होतं.

माझं प्रास्ताविक त्यात नाही. कापलं आहे. वर कसलंसं संगीत आहे. एक लहान मुलगी सरळ चालत जाते, कुठेही न बघता, एका जागी थांबते. मग एक पांढऱ्या केसांची बाई घाईने तिच्या पायाशी वाकते आणि चुन्याने खूण करते.

पाया पडल्यासारखी दिसते.

श्रीनिवासने मागून पाहिलं. काही खोचक म्हणेल असं वाटलं. त्याने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेला. हे जास्त वाईट होतं.

कपाटातला कागद काढून पुन्हा पाहिला. पायरीच्या पाच झिजलेल्या जागी मी पाच आकडे भरले, ते भरताना मला जरासुद्धा शंका आली नव्हती. महाराजालाही येत नसेल.

१६ फेब्रुवारी

भाषण तयार आहे. खोटं बोलणार नाही. पुराव्यानिशी, उदाहरणांनिशी, आणि माझी चूकही कबूल करणार: आकडे मी भरले, फीत मी दिली, नारळ मी फोडला. सत्य पुरेसं जोराने मांडलं तर पोचतं. पोचलंच पाहिजे. नाहीतर इतकी वर्षं मी केलं काय?

१९ फेब्रुवारी

मंडळाने मंडप मोठा घातला होता. आधी शाळेच्या मुलांचं लेझीम झालं. स्पृहा त्यात असायची, यंदा तिला घेतलं नाही. तिच्या शेजारी उभं राहायला मुलं तयार, आया तयार नाहीत. कोणाला तरी तिचं वाईट वाटलं असावं, म्हणून पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचं काम तिला दिलं.

ती गुच्छ घेऊन पायऱ्या चढली तसा मंडप गप्प झाला. ती शांतता मी या वेळी ओळखली. पहिल्या रांगेत काहींनी हात जोडले. मंचावर बसलेल्यांपैकी एक वयस्क गृहस्थ उठले, शिकलेले, निवृत्त अधिकारी, आणि सर्वांसमोर वाकून त्यांनी तिच्या बुटांना हात लावला. ती दचकून मागे सरली, गुच्छ टाकला आणि माझ्या पदरामागे शिरली. पूर्णिमा येऊन तिला घेऊन गेली.

मग मी बोलले. आयुष्यात इतकं चांगलं बोलले नसेन. महाराजांच्या नावाने जमलेल्या सभेत मी त्यांना विचारलं, हे राज्य कुणी पुरलेला हंडा काढून उभारलं की मनगटाने? टाळ्या. मी माझी चूक सांगितली. आकडे झिजले होते, मी माझ्या हावेने भरले, असं म्हणाले. हाव हा शब्द तयारीत नव्हता. टाळ्या. पायाळू मूल म्हणजे काय हे इतकं सोपं करून सांगितलं की पुढे बसलेली पोरंसुद्धा माना डोलावत होती. शेवटी सगळे उभे राहिले.

टाळ्या थांबल्यावर मधल्या रांगेतून एक म्हातारा उठला. फेटा, हातात काठी. अगदी आदराने म्हणाला, "बाई, आपण लई चांगलं बोललात. सगळं पटलं. फकस्त एक शंका. जागा तर पोरीनंच दाखवली की न्हाई?"

आणि सगळा मंडप, आत्ताच उभा राहून टाळ्या वाजवलेला सगळा मंडप, माझ्याकडे खऱ्या कुतूहलाने बघू लागला.

कडेला ते दोघे उभे होते. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण शर्टाची इस्त्री ओळखली.

माइक अजून हातात होता. मी म्हणाले, "ती कशी दाखवणार? ती पायाळू नाहीच."

कुजबुज.

"तुम्हाला कोणी सांगितलं पायाळू आहे म्हणून? मी हॉस्पिटलचे कागद पाहिलेत. मूल सरळ होतं. ऑपरेशन आईच्या रक्तदाबामुळे झालं." आवाज कुठेही अडकला नाही. इतक्या वर्षांची सवय कामी आली. "पायाळूच नाही, तर दाखवेल काय आणि कोळसा होईल कशाचा? पेव होतं ते. ज्वारीचं."

म्हातारा काठीवर रेलला. "मग घरचे का बोलले तसं?"

बायकांच्या बाजूने बायडाबाई उभ्या राहिल्या. "मीच बोलले! उगा मोठेपणासाठी. डोक्याकडनंच झाली माझी नात. मी व्हते तिथं. काय म्हणणं हाय कुणाचं?"

म्हणणं कुणाचं नव्हतं. लोक हसले. कोणी म्हणालं, "म्हातारीनं गावाला खुळं केलं." हसण्याची लाट मागेपर्यंत गेली, आणि जे माझ्या चाळीस मिनिटांत हललं नव्हतं ते सगळं हललं. मी कडेला पाहिलं तेव्हा ते दोघे निघाले होते.

खाली उतरल्यावर पूर्णिमा पुढे आली. माझा हात घट्ट धरून उभी राहिली. श्रीनिवास खुर्चीवरून उठून आला आणि म्हणाला, "चल, उशीर होईल." त्यानेही माझ्याकडे थेट पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

गाडीकडे जाताना एक तरुण बाई मागून आली. गर्दी पांगायची वाट बघत थांबली असावी. कडेवर वर्षभराची मुलगी.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"ती न्हाई म्हणालात, बरं झालं. सुटली बिचारी." मग जवळ येऊन, आवाज उतरवून, "ही मातर खरीच हाय. माझ्या माहेरी झाली, घरीच. पायाकडनं. सासरी अजून कुणाला ठावं न्हाई. आता सगळे आपापल्या घरात इचारायला लागलेत, कोण हाय, कोण न्हाई. मी काय करू?"

मुलगी माझ्या गळ्यातल्या सत्काराच्या हाराची फुलं ओढत होती. माझ्याजवळ या प्रश्नावर एक अख्खं व्याख्यान आहे. आत्ताच तिथे, तिच्यासमोर दिलं होतं.

मी म्हणाले, "कुणाला सांगू नका."

ती "बरं" म्हणाली, आणि पदर मुलीच्या पायांवर ओढून घेत निघून गेली.